साखळीतलं चौथं कुलूप

१

अकरा बायसन माद्या मरून पडल्या होत्या आणि एकीचीही जीभ कुणी काढून नेली नव्हती.

माझ्या मळमळीला सुरुवात तिथून झाली. शिकारी निदान जीभ नेतो, पाठीचं मांस नेतो. भुकेला माणूस तर हाडंसुद्धा सोडत नाही. इथे कुणीतरी आरामात नेम धरून एकेक गोळी घातली होती आणि घरी जाऊन जेवला होता. मे महिन्याच्या उन्हात पोटं टम्म फुगली होती, आणि माश्या इतक्या की तोंड उघडायची सोय नव्हती. तांबूस रंगाची वासरं मेलेल्या आयांना अजून ढुसण्या देत होती. एक तर पीत होतं. काय पीत होतं देव जाणे.

“व्हर्ना, रुमाल देऊ?” शेरीफने स्वतःचं नाक दाबून विचारलं.

“तुलाच लागेल तो. मी घेते वास. कुणीतरी घ्यायलाच हवा.”

मी व्हर्ना हॉल्विग. इथे मोंटानाच्या उत्तरेला, मिझुरी नदीच्या खोऱ्यालगत, गुरांच्या अंगावरचा मालकीचा डाग वाचून जनावर कुणाचं ते ठरवणं ही माझी सरकारी नोकरी. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही गाय विकायला जिल्ह्याबाहेर जात नाही. तपास करणं हे शेरीफचं काम. पण त्याला पुन्हा निवडून यायचं होतं, आणि बायसनच्या भानगडीत जो हात घालील त्याच्यावर निम्मा जिल्हा थुंकणार हे नक्की होतं. म्हणून त्याने मला बोलावून घेतलं. “जनावरांचाच तर मामला आहे,” म्हणाला. “तुझंच खातं.”

मेलेल्या माद्या इथल्या मूळ अमेरिकन आदिवासींच्या राखीव वस्तीच्या होत्या. पलीकडच्या सरकारी कुरणात वस्तीच्या लोकांनी काही वर्षांपूर्वी बायसन सोडले. राष्ट्रीय उद्यानातून आणलेले, रानटी, कधी दावं न पाहिलेले. त्यांची राखण वस्तीतलाच आल्विन डोनी करतो. परवान्यात एक अट होती: राखणदाराच्या चुकीमुळे कळप खाजगी जमिनीत शिरला, तर परवाना रद्द आणि उरलेला सगळा कळप कत्तलखान्यात. आणि हे मुडदे पडले होते शहरातून येऊन इथे जमीन घेतलेल्या प्रेस्टन ॲश्क्रॉफ्टच्या खाजगी कुरणात. सरकारी कुरणाकडे जाणारा एकुलता एक रस्ता त्याच्याच जमिनीतून जातो, आणि तो लोकांना बंद करावा असा अर्ज त्याने आधीच घातलेला होता. गुरुवारी सुनावणी होती. आल्विनने दोन कुरणांमधलं फाटक उघडं टाकलं असं ठरलं की रस्ताही जाणार होता आणि कळपही.

आल्विन वासरांजवळ उकिडवा बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “काल सकाळी इथून शेवटचा मीच गेलो. फाटक लावलं होतं, व्हर्ना.”

“शपथेवर सांगशील?”

“शपथ कशाला पाहिजे? तू कधी टाकलंयस का उघडं?”

नव्हतं टाकलं. या भागात जन्मलेला माणूस एक वेळ बायको टाकील, फाटक उघडं टाकणार नाही. पण हे फाटक उघडं होतं, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी कुंपणाच्या कडेकडेने तिथवर चालत गेले. आणि मग माझ्या लक्षात आलं की ते नुसतं उघडं नव्हतं. कुणीतरी ते नीट बांधून ठेवलं होतं.

२

तारेच्या फाटकाला बिजागरी नसते, चौकट नसते. चार काटेरी तारा, त्यांना जोडलेल्या काठ्या. शेवटची काठी खांबावरच्या फासात अडकवली की झालं फाटक. नुसती गाडी न्यायची असेल तर आपण ते जरा बाजूला टाकतो, गाडी जाते, परत लावतो. विसराळू माणसाचं फाटक वाटेशेजारी चुरगळून पडलेलं सापडतं. हे मात्र पूर्ण उलटं नेऊन कुंपणाला टेकवून उभं केलं होतं आणि वरची काठी तपकिरी सुतळीने खांबाला बांधली होती. असं आपण कळप न्यायचा असेल तरच करतो, जनावराचा पाय तारेत अडकू नये म्हणून.

म्हणजे ज्याला त्यांना मारायचं होतं, त्याने आधी त्यांच्या पायांची काळजी घेतली होती. जन्मभराच्या सवयीने हात आपोआप चालले असणार. मला शिसारी आली.

फाटकाबाहेर, सरकारी बाजूला, जमीन खुरांनी उकरून खड्डा झाला होता आणि मातीला मिठाची पांढरी कड होती. तसल्याच मिठाची एक नवी लादी फाटकाच्या आत पडली होती. ॲश्क्रॉफ्टच्या त्या कुरणात यंदा एकही गाय सोडलेली नव्हती, मग मीठ कुणासाठी? बाहेर चटक लावायची आणि मग लादी आत सरकवायची. हे एका दिवसाचं काम नव्हतं.

मी सुतळी कापून खिशात टाकली. तेवढ्यात ॲश्क्रॉफ्ट आला. त्याच्या गाडीला नव्या चामड्याचा वास येत होता आणि त्याच्या बुटांना कसलाच नव्हता.

“मिसेस हॉल्विग, चला, मुख्य रस्त्यापर्यंत सोडतो तुम्हाला. या उन्हात किती चालाल?”

माझी गाडी बाहेरच होती, आणि मला त्याचं तोंड जवळून बघायचं होतं. मी बसले.

“प्राण्यांचं मला फार वाईट वाटतं,” तो म्हणाला. “पण मालमत्ता म्हणजे मालमत्ता. रस्ता सगळ्यांना मोकळा ठेवला की हे असंच होणार. कोणीही यावं, फाटकं उघडी टाकावीत, आणि निस्तरायचं आम्ही.”

“काल कुठे होतात तुम्ही?”

“डेन्व्हरला. माझ्या बायकोच्या वाढदिवसाला. शंभर माणसं सांगतील.”

“आणि तुमचा मुकादम? ड्वेन?”

“ड्वेनला असलं काही करायला मी कधीच सांगणार नाही.”

त्याने केलं नाही, असं तो म्हणाला नाही. शब्द वजन करून वापरणारा माणूस होता.

मुख्य रस्त्याशी त्याने लोखंडी फाटक बसवून घेतलं होतं आणि दोन्ही खांबांना भडक नारिंगी रंग फासला होता. आमच्या राज्यात त्या रंगाचा अर्थ लहान मुलालाही कळतो: आत पाऊल टाकू नका. सुनावणीपर्यंत ते फाटक उघडं राहायचं होतं, पण वर्षभर खांबाला नुसती लटकणारी साखळी आज शेरीफने ‘सुरक्षेसाठी’ घालू दिली होती. ॲश्क्रॉफ्टने गाडी थांबवली, स्वतःची किल्ली माझ्या हातात दिली आणि बसून राहिला. इथली रीतच आहे तशी. चालवणारा बसून राहतो. बाजूला बसलेला उतरतो, फाटक उघडतो, गाडी पुढे जाऊ देतो, लावतो आणि पुन्हा चढतो. शेजारी राज्यपाल बसला असला तरी तोच उतरणार. आमच्या सगळ्या रीतींपैकी ॲश्क्रॉफ्टने ही एक तेवढी झटकन उचलली होती.

साखळीत चार कुलपं होती, एकात एक अडकवलेली. ज्याचा वाटेवर हक्क त्याचं एक कुलूप; त्यातलं कुठलंही एक उघडलं की साखळी सुटते. लाल कुलूप वीज कंपनीचं. पितळी ॲश्क्रॉफ्टचं. शेरीफचं आज सकाळीच अडकवलेलं. चौथं काळं होतं, एका थंडीपावसाचं तरी पाणी प्यायलेलं.

“हे काळं कुणाचं?” मी ओरडून विचारलं.

“कुणास ठाऊक! ती कामं ड्वेन बघतो,” तो म्हणाला, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्याने माझी नजर चुकवली.

३

गावातल्या एकुलत्या एका कॉफीच्या दुकानात दुसऱ्या दिवशी दुपारी मला दोन संशयित भेटले. खिडकीशी ब्रुक लँडिस बसली होती. रानटी कळप वाचवायला निघालेल्या एका शहरी संस्थेची ती बाई. आयांजवळ उभ्या असलेल्या वासराला मिठी मारून तिने स्वतःचा फोटो काढून घेतला होता, आणि तो सकाळपासून देशभर फिरत होता.

“अकरा निष्पाप माता!” ती फोनमध्ये बोलत होती. जिथे भरून यायला हवा तिथे बरोबर तिचा गळा भरून आला. फोन ठेवला आणि तिने वाढणाऱ्या मुलीला सांगितलं, “माझ्या ॲपल पायवर अजून आइस्क्रीम घाल गं.”

अशा लोकांना मेलेली जनावरं जिवंत जनावरांपेक्षा जास्त मिळवून देतात, म्हणून तिचाही विचार करणं भाग होतं.

“मिस लँडिस, कुरणावर जाता तेव्हा ते तारेचं फाटक कसं उघडता?”

“मी?” ती हसली. “मी नाही हं असल्या काट्यांना हात लावत. हॉर्न वाजवते. येतं कुणीतरी.”

तिच्या नखांकडे बघून मला ते पटलं. तिने ते फाटक उलटं नेऊन बांधायला घेतलं असतं तर आम्हाला बारावा मुडदा सापडला असता.

ड्वेन कोपऱ्यात बसून अंडी खात होता. मी न विचारता त्याच्यासमोर जाऊन बसले.

“रंग मी फासला,” तो लगेच म्हणाला. “त्याचा पगार घेतो मी. गोळ्या नाही घातल्या. आईशप्पथ.”

“सुतळी आहे का रे तुझ्याकडे?”

“सुतळी? आमच्या गवताचे गठ्ठे बघितलेस का तू? गाडीएवढे असतात, प्लास्टिकच्या जाळीत गुंडाळलेले. ॲश्क्रॉफ्टसाहेबाच्या रँचवर सुतळी सापडली तर म्युझियममध्ये ठेवू.”

“आणि ते काळं कुलूप कुणाचं?”

त्याचा काटा ताटात थांबला.

“साहेबांना विचार.”

“विचारलं. त्यांनी तुझ्यावर ढकललं.”

“मग मी परत त्यांच्यावर ढकलतो.” त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि खाली वाकला. “व्हर्ना, माझं ऐक. सोडून दे. आल्विन काय, दुसरीकडे काम बघेल. तू खोदत बसलीस ना, तर जे निघेल ते तुलाच गिळवणार नाही.”

“मलाच का?”

तो अंडी अर्धी टाकून उठला. ड्वेन अन्न टाकणाऱ्यातला नाही, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

४

या खोऱ्यात अजून सुतळीने गवताचे लहान चौकोनी गठ्ठे बांधणारा एकच माणूस आहे: एमिल ब्राटेन. आजोबांच्या वेळचं म्हणावं असं गठ्ठे बांधायचं यंत्र तो दर उन्हाळ्यात शिव्या देऊन चालू करतो. आणि एमिल ब्राटेन माझा धर्मपिता. चर्चमध्ये माझ्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा मी त्याच्या मांडीवर होते. वडील गेल्यावर डाग वाचायला मला त्यानेच शिकवलं. केस ओले कर, बोट फिरव, डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतं, असं सांगायचा.

शिवाय या सगळ्या प्रकरणात रस्त्याच्या बाजूने सर्वांत मोठा आवाज त्याचाच होता. प्रत्येक सभेत उठून टेबलावर मूठ आपटायचा, “रस्ता लोकांचा आहे! माझ्या गाई सरकारी कुरणात त्याच रस्त्याने जातात!” लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या आहेत.

त्याच्या अंगणात पोचले तेव्हा गठ्ठ्यांची गंजी समोर होती आणि गोठ्याच्या खिळ्याला तपकिरी सुतळीचा झुपका लटकत होता.

“काय गं पोरी,” एमिलकाका दारातूनच ओरडले, “बायसनवरच्या माश्या घेऊन आलीस होय माझ्या घरात?”

“आंघोळ करून आलेय, एमिलकाका.”

“अजून एकदा कर. बस. लेफ्सा खा, सकाळीच भाजलीय.”

बटाट्याची ती पातळ पोळी लोणी-साखर लावून त्यांनी माझ्यापुढे गुंडाळून ठेवली, मी लहान असताना ठेवायचे तशी. मी खाल्ली. न खाऊन कसं चाललं असतं?

“डोनींचा आल्विन गुणी आहे,” ते कॉफी ओतताना म्हणाले. “पण विसरला असेल गं. माणूस आहे, विसरतो. त्याला फार त्रास होऊ नये असं बघ हं तू.”

“तुम्ही कधी विसरलात फाटक लावायला?”

“मी?” ते खो खो हसले. “मी मेलो तरी आधी फाटक लावीन आणि मग मरीन.”

“आता रस्ता बंद झाला तर तुमच्या गाईंचं काय?”

“ते बघू तेव्हाचं तेव्हा. मी म्हातारा माणूस, माझ्या गाई त्या कितीशा!”

हाच माणूस महिन्याभरापूर्वी याच प्रश्नावर टेबल फोडायला निघाला होता. आज त्याने साखर ढवळली.

मी बाहेर येऊन गाडीत बसले, खिशातली सुतळी काढली आणि आत जाताना गंजीवरून उचललेल्या तुकड्याशेजारी धरली. तोच पीळ, तोच रंग. पण सुतळीने काय सिद्ध होतं? अर्ध्या खोऱ्याच्या घोड्यांना गवत काकाच विकतात. आल्विनच्या घोड्यालाही. आणि रस्ता बंद झाला तर बुडणार होते ते सर्वांत आधी काकाच. तसं नसेल, तर त्याचं एकच कारण असू शकत होतं, आणि ते साखळीत लटकत होतं.

शेरीफने मला त्याच्या कुलपाची किल्ली दिलेली होती. ती शर्टाच्या खिशात आहे याची मी चाचपून खात्री केली आणि परत दारात गेले.

“एमिलकाका, येता का जरा माझ्याबरोबर? जागा बघा एकदा. मला जे दिसत नाही ते तुम्हाला दिसेल.”

त्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली.

५

वाटेत मी बिस्मार्कचा विषय काढला. बिस्मार्क हा माझ्या वडिलांचा घोडा, आणि तो नदीच्या बर्फात अडकला तेव्हा काकांनी त्याला कसा बाहेर काढला ही काकांची सर्वांत आवडती गोष्ट. ती सांगायला लागले की त्यांना आजूबाजूचं भान राहत नाही. मी मुद्दामच ती निवडली. ते सांगताना मला अभिमान वाटत नाही.

“...बर्फ असा कडाडला,” काका सांगत होते, “आणि तुझा बाप किनाऱ्यावरून मला म्हणतो, एमिल, घोडा जाऊ दे, दोर तरी परत दे! दोर!”

नारिंगी खांब दिसले. मी गाडी फाटकासमोर उभी केली आणि काही न बोलता बसून राहिले. खिशातल्या किल्लीला हात लावला नाही.

काका बोलता बोलताच उतरले. हसत होते. मागच्या खिशातून जुडगा काढला, साखळी ओढली, काळं कुलूप तळव्यावर घेतलं आणि उघडलं. फाटक पूर्ण मागे नेऊन धरून उभे राहिले आणि मला ‘ये, ये’ असा हात केला. मी गाडी आत घेतली. आरशात दिसत होतं: त्यांनी फाटक लावलं, साखळी घातली, कुलूप दाबलं, एकदा ओढून पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून वर चढले आणि दार ओढून घेतलं.

“तर तुझा बाप म्हणतो—”

“किल्ली कुठून आली तुमच्याकडे, एमिलकाका?”

जुडगा अजून त्यांच्या हातातच होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तू उतरायला लावलंस मला,” ते म्हणाले.

“मी काहीच म्हणाले नाही. बाजूला बसलेला उतरतो. तुम्हीच शिकवलंत.”

“हुशार झालीस.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “ॲश्क्रॉफ्ट म्हणाला, रस्ता बंद झाला तरी तुमचं एक कुलूप साखळीत राहील, ब्राटेन. मी म्हटलं, शहरी माणसाचा काय भरवसा, आजच अडकवतो. इतकंच बोलणं झालं. गोळ्या घाला, असं तो कधी म्हणाला नाही हं.”

“त्याला म्हणावं कशाला लागतंय?”

“बायसन गेले की ते कुरण पुन्हा गाईंना मिळणार, व्हर्ना. अख्खं. आणि आत जायची वाट फक्त माझ्याकडे. ते गवत आमचंच होतं गं. माझ्या आजोबांनी पहिल्यांदा गुरं घातली तिथे.”

“आल्विनच्या आजोबांनाही वाटायचं ते त्यांचं आहे म्हणून.”

त्यांनी मांडीवरची टोपी उलटी केली.

“आणि सभेत टेबल आपटत होतात ते?”

“मग काय करू? गप्प बसलो असतो तर लोकांना शंका आली नसती का?”

टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढे आले. त्यात माझाही होता.

“मीठ तुम्हीच ठेवलंत. गोळ्याही तुम्हीच घातल्यात.”

“उभी राहतात ती नुसती. म्होरकी पडली की बाकीच्या तिला हुंगत बसतात. पळतसुद्धा नाहीत.” ते तक्रार केल्यासारखं म्हणाले. “गाईंना जास्त अक्कल असते.”

“मग फाटक का बांधलंत? नुसतं टाकून दिलं असतं तर आल्विन विसरला असंच मीही धरून चालले असते.”

त्यांनी मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यागत माझ्याकडे पाहिलं.

“तारेत पाय अडकला असता ना गं त्यांचा.”

मी दार उघडलं आणि रस्त्याच्या कडेला ओकले. लेफ्सा, लोणी, साखर, सगळं. काका उतरून माझ्या बाजूला आले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागले. तो हात झटकायचीही ताकद माझ्यात नव्हती.

“हे तुझ्या-माझ्यात ठेवशील ना?” ते हळूच म्हणाले. “माझ्या मांडीवर होतीस तू.”

६

गुरुवारी सुनावणीची खोली खचाखच भरली होती. समोर जिल्ह्याचे तिघे आयुक्त, मधोमध अध्यक्ष लॉरेन पीट. पहिल्या रांगेत ॲश्क्रॉफ्ट आणि त्याचा वकील. ब्रुक लँडिस कॅमेऱ्याशी. आल्विन शेवटच्या रांगेत, दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या.

मी उभी राहिले आणि ओळीने सांगितलं. विसरलेलं फाटक जमिनीवर पडतं, बांधलेलं फाटक कुणी विसरत नाही. म्हणजे कळप मुद्दाम आत आणला. तसं फाटक बांधणं ॲश्क्रॉफ्टला येत नाही, मिस लँडिसला तर नाहीच. ड्वेनकडे सुतळी नाही. आल्विनला स्वतःचाच कळप मारून स्वतःचीच नोकरी घालवायचं कारण नाही. सुतळी लहान गठ्ठ्यांची आहे. ते गठ्ठे ज्याचे, त्याला रस्ता बंद झाल्यास तोटाच तोटा, असं आपण सगळे समजत होतो. पण साखळीत चौथं कुलूप आहे, आणि ते कुणाच्या किल्लीने उघडतं ते मी डोळ्यांनी पाहिलं.

मग मी नाव घेतलं.

लॉरेन पीट चष्मा पुसत म्हणाला, “एमिल, हे खरं नाही ना?”

काका उठले. जुडग्यातून एक किल्ली सोडवून त्याच्या टेबलावर ठेवली आणि परत जागेवर जाऊन बसले.

ॲश्क्रॉफ्टने कपाळाला हात लावला. आपल्याला धक्का बसला आहे, असं तो वकिलामार्फत बोलला. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याचा हात कपाळावर होता आणि डोळे घड्याळावर.

दोन विरुद्ध एक मतांनी रस्ता उघडा राहिला. राखणदाराची चूक नव्हती, म्हणून वस्तीचा परवानाही राहिला आणि उरलेला कळप वाचला. विरुद्ध मत लॉरेन पीटचं. अकरा माद्यांसाठी काकांना दंड होईल, कदाचित तोही माफ होईल. शेरीफ म्हणाला, वय बघता तुरुंग वगैरे विषयच नको.

मग मी ते पाहिलं. सभा संपल्यावर लोक दाराकडे गेलेच नाहीत. ते एमिल ब्राटेनकडे गेले. रांग लावून. एकेकाने त्याचा हात हातात घेतला, खांद्यावर थोपटलं. शनिवारी वासरांना डागायला आम्ही येतोय हं, काही काळजी करू नका, असं सांगितलं. मयताला गेल्यासारखे सगळे हळू आवाजात बोलत होते, आणि जे मेलं होतं त्याचं नाव कुणाच्याच तोंडात नव्हतं. आल्विनशी एकही माणूस बोलला नाही. ज्या दोघांनी रस्त्याच्या बाजूने मत दिलं तेसुद्धा नाहीत. मला तर वाट करून देताना लोक असे सरकले, जणू वास अजून माझ्याच अंगाला होता.

आल्विन दाराशी माझ्यासाठी थांबला होता.

“वासरं बाटलीला तोंड लावत नाहीत,” तो म्हणाला. “धरायला अजून एक माणूस पाहिजे. येतेस?”

“येते.”

मागून लॉरेन पीटने माझं कोपर धरलं. चांगला माणूस आहे तो, रविवारी चर्चमध्ये दानाचं ताट फिरवतो. त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते.

“व्हर्ना,” तो म्हणाला, “अगं, घरचा माणूस होता तो तुझा. घरातल्या घरात मिटवायचं होतंस.”

“अकरा जणी होत्या, लॉरेन,” मी म्हणाले. “घरात मावल्या नसत्या.”